गणपतीचा हॉल, शाळेचा नकार आणि फुकट मिळणारे वकील

प्रेषक: मेधा (सेक्रेटरी)

नमस्कार मंडळी,

आज स्कूल डिस्ट्रिक्टचं उत्तर आलं. आपल्या न्यू जर्सीच्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मिडल स्कूलचं ऑडिटोरियम मागितलं होतं ते नाकारलंय. फॉर्मवर मी नेहमीसारखं "स्थापना, पूजा, आरती, मग मुलांचे कार्यक्रम" असं लिहिलं होतं, आणि त्यांच्या नव्या पॉलिसीत धार्मिक विधींना जागा मिळणार नाही असं वाक्य आहे म्हणे. फोनवरच्या बाई चांगल्या बोलल्या, म्हणाल्या पूजा काढून टाका, नुसता कल्चरल प्रोग्राम लिहा, लगेच मंजूर करते.

दुसरी गोष्ट, आपल्या एका मेंबरच्या ऑफिसमधला सहकारी चर्चमध्ये खूप ॲक्टिव्ह आहे, त्याने सुचवलंय की अलायन्स डिफेंडिंग फ्रीडमला (एडीएफ, ख्रिश्चन वकिलांची संस्था) लिहा, ते असल्या केसेस फुकट लढतात, त्यांचं एक पत्र गेलं की शाळा ऐकते. कमिटीत दोन मतं आहेत. रविवारच्या मीटिंगआधी सगळ्यांनी लिहा. अनघा, तू स्कूल बोर्डांची कामं करणाऱ्या फर्ममध्ये होतीस ना, तू जरा सविस्तर लिही.

मेधा

प्रेषक: सुहास

मेधा,

कल्चरल लिहून टाक आणि मोकळी हो. आपण इथे कोर्टकचेऱ्या करायला आलेलो नाही. आणि त्या मिशनरी लोकांच्या वकिलांना तर अजिबात जवळ करू नका, भारतात धर्मांतराच्या केसेस लढवतात तेच हे.

सुहासकाका

प्रेषक: अनघा

मेधाताई, सुहासकाका आणि सगळे,

काका, राग मानू नका पण पूजा लपवून फॉर्म भरायला माझा विरोध आहे. एक तर ते खरं नाही, आपण पूजा करणारच आहोत, आणि परवानगी एका कार्यक्रमाची आणि झालं भलतंच असं असेल तर उद्या कोणी पडलं-झडलं की इन्शुरन्सवाला पहिला तोच फॉर्म काढून दाखवेल. आणि दुसरं म्हणजे लपवायची गरजच नाहीये, कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूचा आहे, आणि तो तसा झालाय तो बराचसा याच ख्रिश्चन संस्थांनी वर्षानुवर्षं केसेस लढवल्या म्हणून. हे नीट समजून घेतल्याशिवाय त्यांची मदत घ्यायची की नाही हे ठरवता येणार नाही, म्हणून थोडं लांबलचक लिहितेय.

२००१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गुड न्यूज क्लब विरुद्ध मिलफर्ड सेंट्रल स्कूल. मिलफर्ड हे न्यूयॉर्क राज्यातलं छोटं गाव. शाळा सुटल्यावर लहान मुलांना बायबलमधल्या गोष्टी, गाणी, पाठांतर असा क्लब तिथल्या एका ख्रिश्चन जोडप्याला शाळेतच चालवायचा होता, शाळेने म्हटलं हे धार्मिक आहे, नाही. केस वरपर्यंत गेली आणि क्लब ६-३ ने जिंकला. शाळेने आपली जागा एकदा गावातल्या लोकांसाठी खुली केली की मग तुमचा दृष्टिकोन धार्मिक आहे एवढ्यासाठी तुम्हाला बाहेर ठेवता येत नाही, असा त्याचा गाभा. त्याआधी १९९३ मध्ये लाँग आयलंडवरच्या लॅम्ब्ज चॅपल नावाच्या चर्चला कुटुंबाविषयीच्या फिल्म्स संध्याकाळी शाळेत दाखवायच्या होत्या, ती केस तर ९-० ने जिंकली. ती जे सेक्युलोने लढवली, तो अमेरिकन सेंटर फॉर लॉ अँड जस्टिसचा वकील, ही संस्था टीव्हीवरच्या पॅट रॉबर्टसनने १९९० मध्ये काढलेली. आणि आपल्या न्यू जर्सीतलीच एक आहे, स्टॅफर्ड टाउनशिपच्या शाळेने असल्याच एका क्लबचे फ्लायर्स मुलांबरोबर घरी पाठवायला नकार दिला होता, २००४ मध्ये थर्ड सर्किटने, म्हणजे आपल्या भागाच्या केंद्रीय अपील कोर्टाने, क्लबच्या बाजूने निकाल दिला, लिहिला होता सॅम्युअल अलिटोंनी, तेव्हा ते सुप्रीम कोर्टात गेले नव्हते. म्हणजे मराठी शाळेच्या ॲडमिशनचे फ्लायर्स आपण वाटतो, तिथेही हाच निकाल कामाला येतो.

आता यातली अडचणीची बाजू, कारण तिच्याकडे डोळेझाक केली तर शाळेचा वकील आपल्याला तिथेच पकडेल. गोष्टी सांगणं, गाणी म्हणणं वेगळं आणि प्रत्यक्ष उपासना वेगळी असा फरक काही कोर्टांनी केलाय. ब्राँक्समध्ये एक छोटं चर्च रविवारी शाळेत प्रार्थनासभा भरवायचं, न्यूयॉर्क सिटीने पूजाविधींना बंदी असा नियम दाखवला, भांडण १९९० च्या दशकात सुरू झालं ते २०१५ पर्यंत चाललं, एडीएफनेच ते चर्चच्या बाजूने लढवलं, आणि शेवटी सेकंड सर्किटने शहराचा नियम उचलून धरला आणि सुप्रीम कोर्टाने अपील ऐकलंच नाही. न्यू जर्सी थर्ड सर्किटमध्ये येतं त्यामुळे तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण मुद्दा तोच आहे, स्थापना आणि आरती ही उपासना आहे, याबद्दल आपण तरी शब्दच्छल करू नये.

पण मेधाताई, आपल्याकडे एक पक्की गोष्ट आहे आणि ती तुम्ही मेलमध्ये लिहिलीच नाही. त्याच शाळेच्या कॅफेटेरियात रविवारी सकाळी एक चर्च भरतं! ऑगस्टमध्ये आपण मखराचं माप घ्यायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या फोल्डिंग खुर्च्या, कीबोर्ड आणि बाहेर लावायचा बॅनर स्टेजच्या बाजूच्या खोलीत ठेवलेला मी बघितलाय, कस्टोडियनने सांगितलं दर रविवारी असतात. एका धर्माच्या उपासनेला जागा आणि दुसऱ्याच्या नाही, हे अमेरिकेतल्या कुठल्याच कोर्टात टिकणार नाही. वर्षभराचं फॅसिलिटी कॅलेंडर ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली (आपल्या माहिती अधिकारासारखा इथला कायदा) मागवा, साधा फॉर्म असतो, सात वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं.

पुढे जाऊन भाड्याचंही बघा. धार्मिक संस्था म्हणून वरच्या कॅटेगरीत टाकून जास्त रेट लावला तर त्यावरही निकाल आहे, १९९४ चा, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने चर्चला इतर ना-नफा संस्थांपेक्षा जास्त भाडं लावलं होतं आणि फोर्थ सर्किटने ते चूक ठरवलं. निरांजन आणि कापूर मात्र विसरा. उघडी ज्योत नको हा फायर कोड सगळ्यांना सारखा आहे, त्यात धर्माचा संबंध नाही आणि त्यावर भांडायचं तर आपण हरू, बॅटरीचे दिवे चालतील, मागच्या वेळी कापूर पेटवल्यावर अलार्म वाजून सगळी बिल्डिंग पार्किंग लॉटमध्ये उभी होती ते आठवत असेलच.

एडीएफला बोलवायचं का ते रोहन आणि इतरांनीही लिहावं, मग मी बोलते.

अनघा

प्रेषक: रोहन

अनघाताईने नाव घेतलंच आहे तर लिहितो. मी आणि माझा नवरा मखराचं काम करतो हे सगळ्यांना माहितीये, आणि या मंडळात आम्हाला कोणी कधी वेगळं वागवलेलं नाही हेही मनापासून सांगतो. एडीएफ म्हणजे कोण हे पण माहीत असू दे. २००३ मध्ये लॉरेन्स विरुद्ध टेक्सासमध्ये, जिथे आमच्यासारख्यांचं खाजगी आयुष्य गुन्हा ठरवणारा कायदा रद्द झाला, तिथे त्यांनी टेक्सासच्या बाजूने ब्रीफ, म्हणजे कोर्टाला लेखी म्हणणं, दिली होती. कोलोरॅडोच्या बेकरीची केस, २०१८, आमच्यासारख्यांच्या लग्नाला केक नाही. वेबसाइटवालीची केस, २०२३, आमच्यासारख्यांच्या लग्नाची वेबसाइट नाही. दोन्ही त्यांच्याच. उद्या मंडळाच्या हॉलसाठी त्यांच्या लेटरहेडवर पत्र गेलं तर मी गणपतीला येईन, आरतीला उभा राहीन, पण स्टेजवर काम करायला माझे हात उचलणार नाहीत. हे मी रागाने लिहीत नाहीये, मीटिंगच्या आधी सगळ्यांना कळावं म्हणून लिहितोय.

रोहन

प्रेषक: प्रमोद

रोहन, तुझं म्हणणं समजतं आणि तू नसलास तर मखर होणार नाही हेही खरं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. वकिलाचे विचार आपल्याला कशाला हवेत, तो आपलं काम करतो की नाही ते बघायचं. आणि सगळ्याच संस्था एडीएफसारख्या नाहीत. बेकेट म्हणून आहे, त्यांनी आर्कान्सामधल्या मुस्लिम कैद्याची अर्धा इंच दाढीची केस २०१५ मध्ये ९-० ने जिंकून दिली, शीख मुलांना दाढी-पगडीसकट मरीन्समध्ये घ्या म्हणून लढले. आणि आपल्याच राज्यात बर्नार्ड्स टाउनशिपने मशिदीला जास्तीचं पार्किंग मागून अडवलं होतं, तेव्हाही बेकेटने वेगवेगळ्या धर्मांच्या संस्थांची सही घेऊन ब्रीफ दिली, त्यात सदर्न बॅप्टिस्टही होते आणि त्यावरून त्यांच्यातच बरंच वाजलं. शेवटी २०१७ मध्ये टाउनशिपला ३२ लाख ५० हजार डॉलर द्यावे लागले. मग बेकेटला लिहायला काय हरकत आहे? फुकट मिळतंय, आपलं ऑडिटोरियमचं डिपॉझिट भरताना किती तंगी असते ते ट्रेझरर म्हणून मला विचारा.

प्रमोद

प्रेषक: अनघा

सगळ्यांना,

प्रमोद, फुकट कसं असतं ते सांगते, कारण मी दुसऱ्या बाजूला बसून ते बघितलंय. एडीएफ १९९४ पासून आहे, ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला त्यांचं हेडऑफिस, वर्षाला दहा कोटी डॉलरच्या आसपास देणग्या. क्लायंटकडून पैसे घेत नाहीत, आणि सरकारी बोर्ड हरलं तर सिव्हिल राइट्सच्या केसमध्ये जिंकणाऱ्याच्या वकिलांची फी बोर्डाला भरावी लागते. माझ्या जुन्या फर्ममध्ये अशी पत्रं यायची, पहिल्याच पानावर गुड न्यूज क्लब, शेवटी दहा-चौदा दिवसांची मुदत, आणि पत्र आलं की आमचे पार्टनर पॉलिसी वाचायच्याही आधी बोर्डाच्या इन्शुरन्स कंपनीला फोन लावायचे. म्हणून ती पत्रं चालतात. पण पत्रात जे असतं ते सगळं जाहीर आहे, कोणीही लिहू शकतं, बोर्डाला भीती असते ती निकालांची आणि फीच्या बिलाची.

आणि हे निकाल एकट्या ख्रिश्चनांचे राहिलेले नाहीत. शेजारी पेनसिल्व्हेनियात सॉकन व्हॅली डिस्ट्रिक्टने २०२३ मध्ये आफ्टर स्कूल सेटन (म्हणजे सैतान) क्लबला जागा नाकारली, गुड न्यूज क्लबच्याच निकालावर उभे राहून ते कोर्टात जिंकले आणि डिस्ट्रिक्टला वकिलांचे दोन लाख डॉलर द्यावे लागले. त्यांची केस नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयूने लढवली, म्हणजे बाकी बहुतेक बाबतीत एडीएफच्या समोर उभी असणारी संस्था. नियम एकदा झाला की तो सगळ्यांचा, आपलाही.

एडीएफला मात्र माझं नाहीच. क्लायंट झालात की तुमचा फोटो त्यांच्या न्यूजलेटरमध्ये येतो, तुमची केस त्यांच्या बाकीच्या कामाचा पुरावा होते, बघा आम्ही हिंदूंसाठीही लढतो म्हणून. आणि त्यांचं बाकीचं काम रोहनने लिहिलंय ते आहे, शिवाय २०१४ ची टाउन ऑफ ग्रीस या गावाची केसही आहे, तिथे गावाच्या सभा वर्षानुवर्षं जवळजवळ सगळ्या ख्रिश्चन प्रार्थनांनी सुरू व्हायच्या आणि ५-४ ने ते चालेल असं ठरलं, गावाच्या बाजूने एडीएफ होती. मला शाळेची भाड्याने दिलेली जागा सगळ्यांना सारखी हवी आहे. सरकारने स्वतः कुठल्याही धर्माची प्रार्थना म्हणावी हे मला नकोय. टेक्सासने २०२५ मध्ये प्रत्येक वर्गात टेन कमांडमेंट्स (बायबलमधल्या दहा आज्ञा) लावायचा कायदा केला, त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये हिंदू पालकही आहेत, आणि माझं मन त्यांच्याकडे आहे. २००७ मध्ये सेनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना झाली तेव्हा गॅलरीतून आरडाओरडा करून ती थांबवायला निघालेले लोक ख्रिश्चन कार्यकर्ते होते, ते यातल्या कुठल्या वकील संस्थेचे नव्हते हे खरं, पण बहुसंख्याकांच्या देशात आपण कुठे उभे आहोत ते त्या दिवशी दिसलं.

बेकेट वेगळी आहे, प्रमोद म्हणतोय ते बरोबर, सगळ्या धर्मांच्या केसेस घेतात. तरी २०२५ ची महमूद विरुद्ध टेलर त्यांचीच, मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत रोहनसारख्या कुटुंबांच्या गोष्टी असलेली पुस्तकं वर्गात वाचायची तर पालकांना आधी कळवा आणि मुलांना बाहेर जाऊ द्या अशी. त्यात मुस्लिम पालक होते, ख्रिश्चन होते, आणि मला त्यांची काळजी समजते, पण आपण मंडळ म्हणून त्या बाजूला आपलं नाव लावायची वेळ आलेली नाही.

सुहासकाका, तुमच्या कारणाशी मात्र मी सहमत नाही. एडीएफची इंटरनॅशनल शाखा भारतात ख्रिश्चनांच्या बाजूने धर्मांतरविरोधी कायद्यांवर लढायला मदत करते, हो. पण घरात चार माणसं जमून प्रार्थना करतात म्हणून ज्यांच्यावर पोलीस केस होते त्यांचा हक्क आणि आपण इथे शाळेकडे मागतोय तो हक्क एकच आहे, भारताच्या घटनेतल्या आर्टिकल २५ मध्येही तोच लिहिलाय. इथे अल्पसंख्य म्हणून मागायचं आणि तिथे दुसऱ्याला द्यायचं नाही, हे मला जमणार नाही. तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, म्हणून स्पष्ट लिहिते.

तर माझं म्हणणं असं. पत्र मंडळाच्या लेटरहेडवर जाऊ दे, प्रेसिडेंटच्या सहीने, बोर्डाच्या वकिलाला कॉपी करून. चर्चचा उल्लेख करायचा पण त्यांची जागा काढून घ्या असं चुकूनही लिहायचं नाही, उलट त्यांना मिळते तशीच आम्हालाही द्या एवढंच. त्या चर्चच्या पाद्रीबाईंना मी भेटायला तयार आहे, त्या आपल्या बाजूने दोन ओळी लिहून देतील असं मला वाटतं. फॉर्मवर पूजा आणि आरती जशीच्या तशी राहू दे. बोर्ड तरीही नाही म्हणालं तर एडिसनमधल्या एका ओळखीच्या वकिलाने फी कमी करून बघतो म्हटलंय, तेव्हा पुन्हा बोलू.

अनघा

प्रेषक: सुहास

अनघा, शेवटच्या भागाशी मी सहमत नाही आणि ते आपण घरी बोलू. पत्र पाठवा. सही मी करतो, गेल्या टर्मचा प्रेसिडेंट म्हणून माझीही असू दे.

सुहासकाका

प्रेषक: मेधा

ठरलं तर. रेकॉर्ड्सची रिक्वेस्ट मी आज रात्रीच ऑनलाइन टाकते. अनघा, मसुदा शनिवारपर्यंत दे, दोन पानांपेक्षा जास्त नको. प्रमोद, मागच्या तीन वर्षांच्या भाड्याच्या पावत्या स्कॅन करून पाठव, कुठल्या कॅटेगरीत रेट लावलाय ते त्यावर असतं. रोहन, स्टेजची मापं तुझ्याकडे आहेत ना, ती बदललेली नाहीत असं धरून काम सुरू कर.

मेधा