व्हेजिमाइट टोस्टशिवाय कशात घालता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मेलबर्नला आल्यापासून मला व्हेजिमाइटची, म्हणजे टोस्टला लावायच्या खारट, काळपट पेस्टची गोडी लागली आहे. बिअर करताना उरणाऱ्या यीस्टपासून सिरिल कॅलिस्टर यांनी ते याच शहरात तयार केलं आणि १९२३ मध्ये ते बाजारात आलं. शेजारच्या आजींनी शिकवलेली पद्धत मला सगळ्यात पटली: गरम टोस्टवर आधी सढळ हाताने लोणी, ते विरघळलं की सुरीच्या टोकावर मावेल एवढंच व्हेजिमाइट, अगदी पातळ पसरून. लोण्यामुळे खारट-कडवटपणा मवाळ होतो. वर चीज घालून भाजलं तर आणखी छान. चमच्याने नुसतं मात्र कोणी चाखू नका!

आता प्रश्न. सासूबाई येणार आहेत, त्या कांदा-लसूण खात नाहीत. व्हेजिमाइट शाकाहारी आहे, पण त्यात कांद्याचा अर्क असू शकतो, म्हणून लेबल तपासूनच ते मसुराच्या आमटीत आणि टोमॅटोच्या सूपमध्ये घालायचा विचार आहे. चार माणसांच्या आमटीला किती घालावं? फोडणीत की शेवटी? मीठ किती कमी करू? पोळीच्या रोलला किंवा थालीपिठाच्या पिठात कोणी लावून पाहिलंय का?

शिवाय नणंदेला ग्लुटेन चालत नाही आणि यात बार्ली असते. तिच्यासाठी अशाच चवीचं दुसरं काही वापरलं असेल तर तेही नक्की सांगा.