घरासाठी ३ किलोवॅट सौर संच : तीन दरपत्रकांची तुलना नेमकी कशी करावी?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. नाशिकमध्ये आमचे एकमजली बैठे घर आहे आणि आई-वडिलांसह आम्ही पाच जण राहतो. गेल्या बारा महिन्यांची महावितरणची बिले काढून पाहिली, तेव्हा महिन्याचा सरासरी वापर ३४० युनिट निघाला. एप्रिल-मे महिन्यांत तो ४५० च्या पुढे जातो आणि थंडीत २६० पर्यंत उतरतो. घराच्या छतावरील सौर संचाला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' योजनेखाली ३ किलोवॅटचा संच बसवावा असे घरात ठरले आहे. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली, मात्र तिन्हींची मांडणी इतकी निराळी आहे की कोणते स्वस्त आणि कोणते महाग हेच कळेनासे झाले आहे.

पहिल्या दरपत्रकावर १,१२,००० रुपये हा आकडा ठळक छापला आहे : ५४० वॅटचे सहा मोनो पर्क (सौर सेलचा एक प्रकार) पॅनेल, ३ किलोवॅटचा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) आणि 'स्टँडर्ड स्ट्रक्चर'. दुसऱ्याने २,१६,००० सांगितले आहेत. त्यात ५८० वॅटचे सहा टॉपकॉन (सेलचा दुसरा प्रकार) बायफेशियल (दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारे) पॅनेल, हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड सांगाडा आणि आठ फूट उंची धरली आहे. तिसऱ्याचे दरपत्रक ५५० वॅटच्या सहा पॅनेलचे, १,४५,००० रुपयांचे आहे. अनुदानाची कागदपत्रे आणि तपासण्या यांत महिने जातात, त्यापेक्षा अनुदानाविना आठ दिवसांत काम करून देतो, असे तो म्हणतो.

गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात जिन्याची खोली आहे आणि तिच्यावर पाण्याची टाकी. आई दर उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळवते, त्यामुळे पॅनेलखाली वावरता येईल एवढी उंची असावी असा तिचा आग्रह आहे आणि मलाही तो रास्त वाटतो. शिवाय घरात इन्व्हर्टर-बॅटरी आहेच, तेव्हा हायब्रिड, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, इन्व्हर्टर घेण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सातारकर (सौर संचांच्या उभारणीत नोकरी)

सर्वांत आधी तिन्ही आकडे एका पातळीवर आणू या, कारण आपल्यासमोर आज तीन वेगळ्या गोष्टींच्या किमती आहेत. या योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रति किलोवॅट ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते आणि त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी ते वाढत नाही. पहिल्याने ही रक्कम आधीच वजा करून आकडा छापला आहे. म्हणजे त्याची खरी किंमत १,९०,००० आहे. दुसऱ्याने ती वजा केलेली नाही, म्हणून त्याचा निव्वळ खर्च १,३८,००० येतो. तिसऱ्याचे १,४५,००० मात्र तसेच राहतात. कागदावर सर्वांत महाग दिसणारे दरपत्रक अशा रीतीने तिसऱ्यापेक्षा सात हजारांनी स्वस्त पडते. अनुदान संच सुरू होऊन तपासणी झाल्यावर थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे पुरवठादाराला आधी पूर्ण रक्कम आपल्यालाच द्यावी लागेल. पहिल्या दरपत्रकातील १,१२,००० वर विसंबून पैशांची तजवीज करू नका. राष्ट्रीयीकृत बँका यासाठी तारणाविना कर्ज देतात, तो मार्गही पाहून ठेवा.

तिसऱ्याला एवढेच विचारा की त्याचे पॅनेल 'डीसीआर', म्हणजे देशी बनावटीची अट पाळणारे, आहेत का. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यांतील सेल, दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, आणि बाहेरच्या सेलचे पॅनेल बरेच स्वस्त मिळतात. त्याची किंमत प्रति वॅट ४४ रुपयांच्या आसपास आणि पहिल्याची ५८-५९ रुपये येते, याचे कारण बहुधा हेच असावे. ते पॅनेल निकृष्टच असतात असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या घराला अनुदान मिळू शकते त्याने ते सोडण्यासारखा फायदा त्यात दिसत नाही.

दुसरी गोष्ट जीएसटीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. किमतीचा ७० टक्के भाग साहित्य आणि ३० टक्के भाग सेवा धरून कर काढतात, त्यामुळे पूर्वी एकंदर कर १३.८ टक्के पडत असे आणि आता तो ८.९ टक्के पडतो. काही पुरवठादार अजून जुन्याच तक्त्यात आकडे भरतात. पहिल्या दरपत्रकात जुना दर असेल तर १,९०,००० मध्ये सुमारे आठ हजारांचा फरक पडतो.

आकारमानाबद्दल आपला अंदाज बरोबर आहे. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅट दिवसाला सुमारे ४ युनिट देतो, म्हणजे ३ किलोवॅटचे महिन्याला ३६० च्या आसपास. पावसाळ्यात ते बरेच उतरेल आणि मार्च-एप्रिलमध्ये चढेल. कोणी '५ किलोवॅट घ्या, बिल शून्य होईल' असे म्हणाला तर घाई करू नका. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात. त्यामुळे संचातून आलेली वीज आधी महागड्या टप्प्यातील युनिटे वाचवते आणि शेवटचा किलोवॅट फक्त सर्वांत स्वस्त युनिटे वाचवतो. जास्तीची युनिटे पुढील महिन्यांत वळती होतात खरी, पण ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांना जो दर मिळतो तो आपण भरतो त्या दरापेक्षा खूपच कमी असतो. स्थिर आकार तर कोणत्याही परिस्थितीत भरावाच लागतो. मंजूर भारही (आपल्या वीजजोडणीला महावितरणने ठरवून दिलेली क्षमता) बिलावर पाहून घ्या, तो संचाच्या क्षमतेपेक्षा कमी असेल तर वाढवावा लागेल.

हायब्रिडच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : घरात चालू स्थितीतील इन्व्हर्टर-बॅटरी असताना तो खर्च करू नये. ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर वीज गेली की भर उन्हातही स्वतःहून बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या तारेत आपल्या छतावरून वीज जाता कामा नये. त्या वेळी आपली जुनी बॅटरी पूर्वीप्रमाणेच पंखे-दिवे चालवील. बॅटरीसाठी या योजनेत अनुदान नाही.

टॉपकॉन की मोनो पर्क, यावर वाजवीपेक्षा जास्त चर्चा होते. पॅनेल तापले की उत्पादन घटते. मोनो पर्कमध्ये प्रत्येक अंश सेल्सिअसमागे सुमारे ०.३५ टक्के आणि टॉपकॉनमध्ये सुमारे ०.३० टक्के. नाशिकच्या उन्हात टॉपकॉनला थोडा लाभ होतो आणि दरवर्षीची झीजही कमी असते. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणाऱ्या बायफेशियलचा फायदा मात्र पॅनेल उंचावर आणि खालची फरशी पांढरी असेल तरच जाणवतो. आपल्याला उंची हवीच आहे, तेव्हा दुसऱ्या दरपत्रकात या दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत.

खरी चिंता मला टाकीच्या सावलीची वाटते. टाकीचा माथा गच्चीच्या फरशीपासून ११ फूट आहे असे समजा. २२ डिसेंबरच्या सुमारास नाशिकला सकाळी साडेनऊ वाजता तिची सावली वायव्येकडे सुमारे २० फूट पडते, आणि नेमके तिकडेच पॅनेल बसवायला सोयीची मोकळी जागा असणार. सहाही पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली आली तर बायपास डायोड (झाकलेला भाग वगळून वीज पुढे नेणारे सुटे भाग) नुकसान आवरतात, तरी रोजचा तास-दीड तास उत्पादन पडत राहते. तिघांपैकी कोणी गच्चीवर येऊन मोजमाप घेतले का, हे आपण लिहिलेले नाही. ज्याने केवळ फोनवर बोलून आणि छायाचित्र मागवून दर दिला, त्याच्या दरावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

उत्तर : लोखंडकाम (अहिल्यानगर)

सातारकर साहेबांनी विजेची बाजू नीट मांडली आहे. मी फॅब्रिकेशनचे काम करतो, म्हणून सांगाड्याबद्दल लिहितो. 'स्टँडर्ड स्ट्रक्चर' या दोन शब्दांखाली सर्वाधिक काटकसर केली जाते.

सहा पॅनेलचे क्षेत्रफळ सुमारे १६७ चौरस फूट होते. त्यांचे वजन प्रत्येकी २८ ते ३२ किलो, ते कोणतीही गच्ची सहज पेलते. प्रश्न वाऱ्याचा असतो. वळवाच्या वादळात तो पॅनेलच्या खाली शिरतो आणि अख्खा सांगाडा शिडासारखा वर उचलू पाहतो. भारतीय मानकाप्रमाणे नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात. उंची तीन फुटांवरून आठ फूट केली की खांबाच्या पायाशी येणारा ताण पुष्कळ वाढतो, म्हणून उंचीसाठी मागितलेले जादा पैसे खांबाची जाडी, आडवे-तिरपे टेके आणि पाया यांत प्रत्यक्ष दिसले पाहिजेत. नळीची जाडी किती मिलिमीटर आणि जस्ताचा थर किती मायक्रॉन, हे दरपत्रकात लिहून घ्या. तयार गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या नळीवर जस्ताचा थर पातळ असतो. हॉट-डिप म्हणजे भाग तयार झाल्यावर तो वितळलेल्या जस्तात बुडवलेला असतो, त्याचा थर ८० मायक्रॉनच्या आसपास असावा.

एक गोष्ट आवर्जून पाहा. हॉट-डिप सांगाडा गच्चीवर आणून तिथे वेल्डिंग केले, तर त्या जागी जस्त जळते. वर चंदेरी रंग मारला की पहिल्या दिवशी काही कळत नाही, पण दोन पावसाळ्यांत सांध्याभोवती तांबूस ओघळ उतरू लागतात. सांधे नटबोल्टचेच असावेत आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे.

पायासाठी स्लॅबला भोके पाडू द्यायची की नाही हे आधी ठरवा. आपल्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा कोबा असेल आणि कारागिराने त्यातून अँकर बोल्ट ठोकले, तर गळतीची जबाबदारी पुढे कोणीही घेत नाही. काँक्रीटचे ठोकळे रसायनाने स्लॅबला चिकटवून त्यांत खांब रोवणे, किंवा शक्य असेल तिथे खालच्या कॉलमच्या माथ्यावर खांब घेणे, हे मला जास्त सुरक्षित वाटते.

उत्तर : कृष्णाकाठची (सांगली)

आमच्या घरी ३ किलोवॅटचा संच दोन वर्षांपासून चालू आहे आणि आम्ही त्यावर समाधानी आहोत. तरी एक चूक आम्हाला भोवली, ती इतरांनी करू नये म्हणून लिहिते.

संच उभा राहिला त्याच दिवशी आम्ही पुरवठादाराला सगळे पैसे देऊन टाकले. त्यानंतर नेट मीटर (घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसायला अडीच महिने लागले, कारण आमचा अर्ज पुढे सरकवण्यात त्याला आता काही घाई उरली नव्हती. त्यातच त्याच्या माणसाने 'संच चालू करून ठेवा, बिल कमी येईल' असे सांगितले आणि आम्ही चालू केला. जुना मीटर वीज कोणत्या दिशेने वाहते हे ओळखत नव्हता. बाहेर गेलेली युनिटेही त्याने आमचा वापर म्हणून मोजली आणि त्या महिन्याचे बिल कमी होण्याऐवजी वाढून आले. मुलगा दुपारी मीटरसमोर उभा राहिला, घरातले सर्व दिवे-पंखे बंद केले, तरी आकडा पुढे सरकतच होता. तेव्हा आम्हाला प्रकार उमगला. म्हणून किमान १५-२० टक्के रक्कम नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवावी, तसे करारात लिहून घ्यावे आणि मीटर बदलेपर्यंत संच चालू करू नये.

धुण्याबद्दलही दोन शब्द. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. ते पॅनेलवर वाळले की पांढरे डाग धरतात, म्हणून आम्ही नळाच्या पाण्याने, उजाडताच, काच थंड असताना धुतो. आठ फूट उंचीवर हे काम शिडीवरून करणे सोपे नाही. आपल्या आईंना पापडांसाठी सावली नको, ऊनच हवे असणार, तेव्हा गच्चीचा दक्षिणेकडचा एक पट्टा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला तर कदाचित एवढ्या उंचीची गरजच पडणार नाही.

प्रश्नकर्ता : गोदाकाठ (नाशिक)

तिघांचेही मनापासून आभार. रविवारी सकाळी साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन वाजता गच्चीवर टाकीच्या सावलीच्या कडा खडूने आखल्या. सकाळची रेघ पहिल्याने सुचवलेल्या जागेतील दोन पॅनेल जवळपास पूर्ण झाकते. त्याला छायाचित्र पाठवल्यावर त्याने प्रथमच प्रत्यक्ष येण्याची तयारी दाखवली. दुसरा आधीच येऊन गेला होता आणि त्याने पॅनेल पश्चिमेच्या कठड्याकडे सरकवून आराखडा दिला होता. त्याचे महत्त्व मला आज समजले.

सांगलीच्या ताईंचे म्हणणे आईला वाचून दाखवले. ती लगेच म्हणाली की पापडांना ऊनच लागते, वावरण्यापुरती वाट ठेवली की झाले. त्यामुळे आता दक्षिणेचा साडेपाच फुटांचा पट्टा मोकळा ठेवून दुसऱ्याकडून चार फूट उंचीच्या सांगाड्याचे सुधारित दरपत्रक मागवले आहे. त्यात नळीची जाडी, जस्ताचे मायक्रॉन, नटबोल्टचे सांधे, पॅनेलचे डीसीआर प्रमाणपत्र आणि अनुक्रमांक, डीसी, एसी व तडितरोधक यांचे तीन स्वतंत्र अर्थिंग, ८.९ टक्के जीएसटी आणि २० टक्के रक्कम नेट मीटरनंतर, इतक्या बाबी लेखी मागितल्या आहेत. तिसऱ्याला नकार कळवला. पॅनेल डीसीआर नाहीत हे मी विचारल्यावर त्याने लगेच मान्य केले.

उत्तर : सातारकर

उत्तम. चार फुटांवर बायफेशियलचा लाभही बराचसा टिकेल. फक्त इन्व्हर्टरची जागा विचारून घ्या; तो पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात लावू देऊ नका, जिन्याच्या खोलीत आतल्या बाजूने लावा आणि वारा खेळण्यासाठी चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा ठेवा.