सहकुटुंब यायचं हं : फोनवर आलेल्या एपीके फायलींचे अनुभव सांगा

धागाकर्ती

माझ्या मामाच्या धाकट्याचं लग्न चार वर्षं जमत नव्हतं. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मामाच्या नंबरवरून भावकीच्या ग्रुपवर फाइल पडली. नाव 'लग्नपत्रिका', खाली 'सहकुटुंब यायचं हं'. ग्रुपवर नुसता जल्लोष! मावशीनं 'अगंबाई, जमलं एकदाचं' आधी लिहिलं आणि मग फाइल दाबली. फोननं विचारलं, व्हॉट्सॲपवरून अनोळखी ॲप टाकू द्यायचं का? दिलं. पत्रिका काही दिसेना म्हणून पुन्हा दाबलं. आता एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग मामाला फोन लावला, तर मामा गोठ्यात. "कुणाचं लग्न?" असं त्यानंच विचारलं.

मामानं आदल्या रात्री डेअरीतल्या ओळखीच्या माणसाकडून आलेली अशीच एक पत्रिका उघडली होती. फायलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके (म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल) लिहिलेलं होतं म्हणे, पण लग्नाच्या पत्रिकेचं शेपूट कोण वाचतं? मामाचे ४७ हजार गेले. मावशीचे वाचले, कारण भाच्यानं धावत जाऊन तिचं वायफाय बंद केलं आणि सिमकार्ड काढून खिशात घातलं.

तुमच्याकडे अशी फाइल आली का? उघडली का? पुढे काय केलं? फजिती झाली असेल तर तीही लिहा, इथे कुणी हसणार नाही. (मावशीला आम्ही हसलो. पण ती घरची गोष्ट.)

कोपऱ्यावरचा मोबाईलवाला

माझं दुकान तालुक्याच्या गावात आहे. आठवड्याला असे तीन-चार फोन येतात, म्हणून जरा लांबण लावतो.

गिऱ्हाईक येतं ते "फोन स्लो झालाय" म्हणत. काय डाउनलोड केलं होतं ते विचारल्याशिवाय सांगत नाही. मी फोन हातात घेतला की पहिलं काम एअरप्लेन मोड, वायफाय वेगळं चालू राहिलं नाही ना ते बघायचं, आणि मगच बोलायचं. नेट चालू ठेवून फोनमध्ये शोधाशोध करणं म्हणजे चोर घरात असताना दार उघडं ठेवून दागिने मोजणं.

ॲप सहसा स्क्रीनवर दिसत नाही, टाकल्या टाकल्या स्वतःचं चिन्ह लपवतं. सेटिंगमध्ये ॲपची पूर्ण यादी उघडायची आणि शेवटपर्यंत खाली जायचं. कधी नावच नसतं, नुसती कोरी जागा. कधी नाव 'गुगल सर्व्हिस'सारखं असतं नि चिन्ह बघितलं तर जरा वेगळं वाटतं. परवा एका मास्तरांच्या फोनमध्ये मला ती कोरी ओळ दिसली. दाबली, तर 'अनइन्स्टॉल'चं बटण फिकं, दबेचना. म्हणजे त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा, फोनचा कारभारी असल्याचा, हक्क घेतलेला. तो काढल्याशिवाय ॲप निघत नाही. सेटिंगच्या शोधपट्टीत 'ॲडमिन' टाकलं, यादी उघडली, त्याच्यापुढची खूण काढायला गेलो तर पान आपोआप मागे. पुन्हा उघडलं, पुन्हा मागे. मास्तर म्हणाले, "भूत आहे काय रे?" भूत नाही, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी. ही सोय दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवायला आहे. ती हातात आली की ॲप तुमच्या ऐवजी बटणं दाबू शकतं.

मग सेफ मोड. बहुतेक फोनमध्ये पॉवरचं बटण दाबल्यावर 'पॉवर ऑफ' येतं, तेच बोटानं दाबून धरायचं. फोन पुन्हा सुरू होतो तेव्हा बाहेरून टाकलेली ॲप झोपलेली असतात. ॲडमिनची खूण काढली, ॲप उडवलं, डाउनलोडमधली मूळ फाइलही पुसली. तरी मास्तरांना म्हटलं, फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, मी फोन पूर्ण रिसेट करतो. बँक असलेल्या फोनवर मी भरवसा ठेवत नाही. अँड्रॉइड १३ पासून बाहेरच्या फायलीतून आलेल्या ॲपला ही ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळत नाही. पण जुने फोन गावात ढिगानं आहेत.

आणि मामांच्या नंबरवरून ग्रुपवर फाइल कशी गेली ते सांगतो. एसएमएस चोरांच्या हातात गेले की व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोडही त्यांनाच मिळतो. खातं त्यांच्या फोनवर चालू, ग्रुप आपोआप त्यांच्यासमोर. मामांनी फोन साफ झाल्यावर पुन्हा आपल्या नंबरनं व्हॉट्सॲपला लॉगिन करावं. चोरानं मध्येच पिन लावला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण कोड टाकला की चोर बाहेर पडतो.

धागाकर्ती

@मोबाईलवाला, अगदी तेच झालं. मामाचे सात दिवस चालू आहेत. सध्या तो खराखुरा फोन करतो, सगळ्यांना बरं वाटतंय.

दुचाकीस्वार

माझी फाइल 'आरटीओ चलान'. ५०० रुपयांचा दंड, वर अशोकस्तंभ. वाईट म्हणजे मी आदल्याच आठवड्यात स्वारगेटला सिग्नल तोडला होता. मनात चोर असला की माणूस लगेच उघडतो!

वाचलो ते आळशीपणामुळे. फोन म्हणाला परवानगीसाठी सेटिंगमध्ये जा, मला कंटाळा आला. संध्याकाळी महाट्रॅफिकच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला. सिग्नलचं चलान निघालंच नव्हतं, पण तीन वर्षांपूर्वीची हेल्मेटची २ चलानं बाकी निघाली. ती भरली. चलान बघायला वेगळी फाइल लागतच नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

गव्हाणी

हे लिहू की नको, दोन दिवस विचार करतेय.

माझ्या नवऱ्यानं उघडली. बँकेचे रिवॉर्ड पॉइंट आज रात्री संपणार, असा मेसेज आणि खाली फाइल. ॲप उघडल्यावर हुबेहूब बँकेचं पान, त्यात कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, जन्मतारीख. त्यांनी सगळं भरलं. शेवटी गोल चक्र फिरत राहिलं, म्हणून 'सर्व्हर डाउन असेल' म्हणून फोन ठेवून दिला.

मला चार दिवसांनी कळलं. त्या चार दिवसांत ते घरात फोन उपडा ठेवायचे. जेवताना नुसते भात कालवत बसायचे. मला वाटलं ऑफिसात काही झालंय, भलतंसलतंही डोक्यात येऊन गेलं. गॅस सिलिंडर बुक केला तर त्याचा मेसेज येईना, डिलिव्हरीचा कोड येईना, तेव्हा मी फोन हातात घेतला. चार दिवसांत एकही एसएमएस नाही. बँकेचा नाही, सिमकंपनीचा नाही, साधी जाहिरातसुद्धा नाही. सगळे येत होते आणि तिथल्या तिथे पुसले जात होते. ते म्हणाले, "मला माहितीय. मी पासबुक भरून आणलंय." पासबुक कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली.

एक लाख बारा हजार. पहिल्या दिवशी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन केला असता तर काही रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली असती, असं सायबर पोलीस ठाण्यातल्या बाई म्हणाल्या. फार चांगल्या बोलल्या, ओरडल्या नाहीत. पण ह्यांनी त्यांच्यासमोरही मान वर केली नाही. छत्तीस वर्षं हिशेबनीस म्हणून काम केलेला माणूस आहे हो.

निवृत्त कॅशिअर

@गव्हाणी, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून असे बरेच जण पाहिलेत. त्यात प्राध्यापक होते, वकील होते, आमच्याच शाखेतले एक साहेब होते.

बँकेचं गणित थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात असं म्हटलंय. चूक बँकेची नाही नि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य बोजा. पण कार्डाचा तपशील स्वतः भरला असेल तर बँक निष्काळजीपणा म्हणते आणि कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. मात्र कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर हवी. तक्रार क्रमांक घ्या, ईमेल करा, शाखेत अर्ज देऊन पोचेवर शिक्का आणि वेळ घ्या. काउंटरवरचा मुलगा "साहेब जेवायला गेलेत" म्हणाला तरी खुर्ची सोडू नका.

आणि फोन करायचा तो दुसऱ्याच्या फोनवरून. बिघडलेल्या फोनवरून बँकेचा पासवर्ड बदलणारे लोक मी पाहिलेत. नवा पासवर्डही गेलाच.

वऱ्हाडी माणूस

आमच्या गावच्या ग्रुपवर 'पीएम किसान' नावाची फाइल आली होती राजेहो. हप्ता अडकला, केवायसी करा. वर्षाचे सहा हजार, तीन तुकड्यांत येतात, त्यातला एक अडकला म्हटल्यावर बुवा कशाला थांबतो! बाबांनी उघडली, आधारचा नंबरबी टाकला. खात्यात होते २१२ रुपये. चोरट्यानं शिल्लक पाहून तसंच सोडून देल्लं, एक रुपयाबी नेला नाही. बाबा आता सगळ्यायले सांगते, "आपल्या खात्याले कुलूप लागतच नाही."

केवायसी सेवा केंद्रात अंगठा लावून झाली.

आयफोनवाला

आयफोनवर एपीके उघडतच नाही. विषय संपला.

दुचाकीस्वार

@आयफोनवाला, हप्ता भरून झाला का आधी?

रात्रपाळी

थोडा वेगळा सूर. मी गेली दहा वर्षं प्ले स्टोअरच्या बाहेरची ॲप वापरतो. एफ-ड्रॉइडवर मुक्त स्रोतातली उत्तम ॲप मिळतात, माझं नोंदवहीचं आणि नकाशाचं ॲप तिथलंच आहे. एपीके म्हणजे नुसतं गाठोडं. गाठोड्यात पुरणपोळी आहे की साप, ते कोणी दिलं त्यावर. मी शंका आली की फाइल न उघडता व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या साइटवर चढवून बघतो. अगदी नवी फाइल तिथेही स्वच्छ दिसू शकते, त्यामुळे मुख्य प्रश्न एकच विचारतो : हे ॲप काय मागतंय? लग्नपत्रिकेला माझे एसएमएस कशाला हवेत?

आणि उलट बाजू : २०२१ मध्ये गुलाबी व्हॉट्सॲपची लिंक फिरली तेव्हा माझ्याच कंपनीतल्या दोन संगणक अभियंत्यांनी ती टाकली होती. रंगासाठी!

म्युनिकहून

आईबाबा सांगलीत, मी इथे. २०२२ मध्ये बाबांना मेसेज आला, 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' त्या 'अधिकाऱ्यानं' ॲप टाकायला लावलं ते चक्क प्ले स्टोअरवरचं, दुसऱ्याची स्क्रीन बघायचं. तेव्हा स्टोअरमधलं म्हणजे सुरक्षित, हे मीच बाबांना शिकवलेलं होतं. बाबांनी मला नंतर तेच ऐकवलं.

यंदा पुन्हा फोन आला, गॅसच्या बिलाचा, आणि फाइल एपीके. प्ले प्रोटेक्टनं, म्हणजे फोनमधल्या गुगलच्या राखणदारानं, लाल खूण दाखवून अडवलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "काका, ती खूण बंद करा, मी सांगतो तसं करा." बाबा म्हणाले, "थांबा, चष्मा आणतो," आणि आईचा फोन घेऊन मला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तो चाळीस मिनिटं चष्म्याची वाट बघत होता. मध्ये आईनं त्याला विचारलं, जेवलास का बाळा.

गव्हाणी

@निवृत्त कॅशिअर, तुमचा नमस्कार पोचवला. ह्यांनी धागा अख्खा वाचला. वऱ्हाडी बाबांच्या २१२ रुपयांना हसले. तक्रार दिली आहे, एका खात्यात १८ हजार अडवलेले सापडलेत, ते सोडवायला न्यायालयाचा आदेश लागेल म्हणतात. अर्ज तेच लिहितायत, सुवाच्य अक्षरात.

धागाकर्ती

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, कारण आहे.

मामाच्या धाकट्याचं लग्न ठरलं. खरोखर! मामानं ग्रुपवर पत्रिका टाकली, साधी पीडीएफ. दोन दिवस झाले, एकानं उघडली नाही. मावशीनं तर मला फोन करून सांगितलं, "मामाचा फोन परत गेला बघ हातातून." भाच्यानं मामाला ग्रुपमधून काढून टाकलं.

काल मामा छापील पत्रिकांचा गठ्ठा आणि अक्षतांची पिशवी घेऊन एसटीनं निघालाय. पहिलं घर मावशीचं. तिनं दार उघडायच्या आधी विचारलं म्हणे, "कोण?"