पॉइंट टू टू सेमी-ऑटो रायफल (झाडल्यावर पुढची गोळी आपोआप भरणारी) दहात दोनदा अडकते, काय करू?

खानापूरकर: क्लबातली जुनी रायफल आहे. पावसाळ्यात जास्तच त्रास द्यायलीय. रिकामी पुंगळी (गोळीचं कवच) बोल्टात, म्हणजे नळीमागच्या सरकत्या भागात, उभी अडकते, चुलीच्या धुराड्यासारखी. ५० मीटरवर गोळ्याही पसरतात. नळी गेली काय ओ?

निपाणीचा मामा: नळीला कशाला शिव्या घालतोस बाबा! गोळ्या कुठल्या वापरालास ते सांग आधी. या बंदुकीत बोल्ट मागं ढकलतो तो पुंगळीचाच धक्का. सेकंदाला ३२५ मीटरवाली मॅच (स्पर्धेची) गोळी बोल्ट-ॲक्शनमध्ये, म्हणजे हातानं बोल्ट ओढायच्या रायफलीत, लोण्यासारखी चालते, पण सेमी-ऑटोत कधी कधी तिचा जोर पुरत नाही. ३८० च्या आसपासची घालून बघ. आणि चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, साफ कर. शिशाच्या गोळीवरचं मेण आणि काजळी मिळून तिथं काकवीसारखा थर बसतो. माझ्या हातची एक तर निव्वळ कापडानं पुसून सुधारली. तेल मात्र थेंबभरच, आपल्याकडं जेवणात घालतात तसं नको!

खानापूरकर: मॅचचीच होती मामा! पण नेमाचं काय?

निपाणीचा मामा: या गोळ्या रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला पुंगळीच्या काठात असतो, तो सगळीकडं सारखा बसत नाही. म्हणून एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या घे. पण ५० मीटरच्या ऑलिंपिक सामन्याला एकेक गोळी भरायचीच रायफल लागते, दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. ही घेऊन तिथं जाऊ नकोस. आणि आवाज फुसका आला तर थांब, रायफल रिकामी करून नळीत गोळी अडकलीय का बघ.

खानापूरकर: रविवारी पुसून बघतो की.