पुढचा फोन पाच-सहा वर्षं वापरायचाय, हार्डवेअरमध्ये काय बघू?

शब्दवेल्हाळ
माझ्या फोनची बॅटरी गेल्या आठवड्यात फुगली. मागचं झाकण एका कडेनं उचललं गेलं तेव्हा कळलं. आता नवा घ्यायचाच आहे, तर पाच-सहा वर्षं पुन्हा या भानगडीत पडायचं नाही.

माझं काम मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकून ते लिहून काढायचं. रोज चार-पाच तास कानात वायरचे इअरफोन असतात. ब्लूटूथवर थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं की आवाज किंचित उशिरा सुरू होतो आणि वाक्याचा पहिला शब्द निसटतो. दुसरा त्रास असा की रात्री ब्राइटनेस कमी करून वाचायला घेतलं की अर्ध्या तासात डोकं दुखतं. आत्ताची स्क्रीन ओएलईडी आहे, आधीच्या एलसीडी फोनवर असं कधी झालं नव्हतं. कॅमेरा साधा चालेल, गेम खेळत नाही. तुम्ही स्वतः काय बघून फोन घेता?

स्क्रूड्रायव्हर
सगळ्यात आधी तो फुगलेला फोन चार्जिंगला लावू नका आणि झाकण दाबून बसवायला जाऊ नका. बॅटरीला आत इजा झाली तर ती पेट घेते.

मी फोनदुरुस्ती करतो, त्यामुळे मी पहिल्यांदा बघतो ते बॅटरी किती खटाटोपानं बदलता येते. प्रोसेसर पाच वर्षांत म्हातारा होत नाही, बॅटरी होते. हल्लीच्या बहुतेक फोनमध्ये मागची काच गोंदानं चिकटवलेली असते. ती गरम करून सोडवायची, मग खालची बॅटरी सोडवायची, आणि एवढं करून पाणीरोधक सील पहिल्यासारखं बसेलच असं नाही.

‘पाण्यापासून बचाव हवा तर बॅटरी बंदिस्तच हवी’ हे मला पटत नाही. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस५ ला आयपी६७ (धूळ-पाण्यापासून बचावाचं) मानांकन होतं आणि बॅटरी नखानं निघायची. आजही सॅमसंगचा एक्सकव्हर७ आयपी६८ आहे आणि बॅटरी हातानं निघते. त्याला वायरच्या इअरफोनचा ३.५ मिमीचा जॅक आहे, मेमरी कार्डाची जागा आहे, स्क्रीनसुद्धा एलसीडी. तुमच्या दोन्ही तक्रारींवर तो बसतो. मात्र वेग मध्यम आणि कॅमेरा साधाच. फेअरफोन ५ चीही बॅटरी हातानं निघते, पण त्याला जॅक नाही आणि स्क्रीन ओएलईडी.

अजून एक करा. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या फोनना ऊर्जा लेबल लागतं. बॅटरी किती चार्जिंग-चक्रं (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) टिकेल आणि दुरुस्तीच्या सोयीला ए (सगळ्यात चांगली) ते ई पैकी कोणती श्रेणी, हे त्यावर असतं. या लेबलांची माहिती कुणालाही बघता येते. मॉडेल तेच असेल तर युरोपाबाहेरच्यांनाही उपयोगी पडते.

रातकिडा
डोकेदुखीबद्दल. मला हाच त्रास होता आणि कारण सापडायला फार दिवस गेले.

बऱ्याच ओएलईडी स्क्रीन उजेड कमी करायला खरोखर मंद होत नाहीत, त्या झपाट्यानं बंद-चालू होतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही फोनमध्ये हे सेकंदाला २४० वेळा होतं. डोळ्यांना दिसत नाही, पण काहींना सोसत नाही. घरीच तपासा: दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/१००० सेकंदावर ठेवा, तुमच्या फोनचा ब्राइटनेस उतरवा आणि स्क्रीनकडे रोखा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तेच.

ओएलईडीच घ्यायचा झाला तर पीडब्ल्यूएमचा आकडा मोठा बघा. ऑनर ९० या फोनमध्ये तो ३८४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८४० वेळा होता. तोवर ब्राइटनेस वरच ठेवून अँड्रॉइडमधलं ‘एक्स्ट्रा डिम’ लावा, त्यात रंगच गडद होतात. मला त्यानं खूप उतार पडला.

पाऊलवाट
एक्सकव्हर७ सुचवण्याआधी वजन सांगायला हवं होतं. २४० ग्रॅम! आडवं पडून वाचणाऱ्याचं मनगट दुखतं. मी आता २०० ग्रॅमच्या वरचा फोन बघतच नाही.

शब्दवेल्हाळ
वजनाचं लक्षातच आलं नव्हतं. पण माझा फोन दिवसभर टेबलावर असतो, तेवढं सोसेन. जॅक नसलेल्या फोनला टाइप-सीचं कनेक्टर लावलं तर? मैत्रिणीनं दिलेलं एक माझ्या फोनवर चाललंच नाही.

स्क्रूड्रायव्हर
कनेक्टर दोन जातींचे असतात. एकात आवाज घडवणारी चिप, म्हणजे डॅक, असते. ते बहुतेक फोनवर चालतं. दुसऱ्यात नुसत्या तारा असतात आणि फोननं स्वतः पोर्टातून अ‍ॅनालॉग आवाज सोडला तरच ते चालतं. तुमचं दुसऱ्या जातीचं असणार. डॅकवालं घेतलंत तरी चार-पाच तास ते लटकत राहणार, पोर्ट सैल होतं, आणि ऐकताना चार्जिंग करायचं तर वेगळा जोड लागतो. तुमच्या कामाला जॅकच हवा.

पाऊलवाट, वजनाचं बरोबर. मीच लिहायला हवं होतं.

शब्दवेल्हाळ
रातकिडा, भावाच्या फोननं शटर लावून बघितलं. मंद ब्राइटनेसवर चांगले बोटाएवढे जाड पट्टे! एक्स्ट्रा डिमवर काल तासभर वाचलं, डोकं दुखलं नाही. एक्सकव्हर७ हातात घेऊन बघते, आणि त्याला अपडेट किती वर्षं मिळणार आहेत तेही विचारते. घेतला की महिन्याभरानं इथेच लिहीन.