प्रार्थनेत तुम्ही खरं बोलता का? अनुभव सांगा

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी ऐनवेळी मला प्रार्थना करायला सांगितलं. उभा राहिलो आणि सुरू झालो, "हे दयाळू, कृपाळू, स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणांजवळ येतो..." तीनेक मिनिटं बोललो. सगळ्यांनी आमेन म्हटलं. खाली बसल्यावर लक्षात आलं, यातलं एक वाक्यही माझं नव्हतं. लहानपणापासून कानावर पडलेलं सगळं धडाधड बाहेर आलं होतं. त्याच आठवड्यात माझी नोकरी जायची वेळ आली होती, आणि त्याबद्दल देवाशी मी अवाक्षर काढलं नव्हतं.

म्हणून विचारतोय, मनापासून प्रार्थना तुम्ही कशी करता? प्रवचन नको, घडलेलं लिहा. प्रोटेस्टंट, कॅथलिक, चर्चला जाणं सोडलेले, सगळ्यांनी.

परळहून
"प्रार्थना करशील तेव्हा आपल्या खोलीत जा व दार लावून घे," असं बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. आमच्या घरात खोली एकच, माणसं सात, आणि दार रात्री अकरापर्यंत उघडंच. रविवारच्या शाळेत बाईंना विचारलं, मग आम्ही कुठं जायचं? बाई हसल्या, उत्तर काही दिलं नाही. मी चादर डोक्यावरून घ्यायचो. घरच्यांना वाटायचं पोरगं झोपलं. आत मात्र नापास व्हायच्या भीतीपासून बाबांच्या दारूपर्यंत सगळं निघायचं. आज तीन खोल्यांचं घर आहे, तरी मन मोकळं करायचं तर चादरच लागते.

परळकरांना उत्तर, सोलापूरहून
मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना. एकोणीस बाळंतपणं झालेली बाई. घरात निवांत जागा नाही म्हणून ती एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची, आणि तेव्हा तिला कोणी हाक मारायची नाही, असं सांगतात. तुमची चादर चांगल्या घराण्यातली आहे!

नगर जिल्ह्यातून
माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. पहाटे चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती प्रार्थना करायची. प्रार्थना म्हणजे काय, तर नुसती नावं. एका भाकरीला एक नाव. "थोरल्याला सांभाळ. धाकटीच्या पोटात दुखतंय, बघ जरा." शेवटच्या भाकरीला शेजारच्या भाऊसाहेबांचं नाव यायचं. त्यांच्याशी आमचं बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद. ती भाकरी आजी इतकी जोरात थापायची की काठवटीचा आवाज ओट्यावर यायचा. मी एकदा म्हटलं, "आजी, राग आहे तर नाव कशाला घेतेस?" ती म्हणाली, "राग हाय म्हणून तर त्याच्यापाशी सांगती. तुला सांगून काय उपयोग?"

वसईहून
इथं सगळे 'आपले शब्द' म्हणतायत म्हणून थोडं उलटं लिहिते. आमच्याकडे कॅथलिकांत संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना. तिचे पाच भाग, त्यांना दशकं म्हणतात, आणि प्रत्येक दशकात दहा वेळा 'नमो मारिया' ही मरियेची प्रार्थना. लहानपणी मी जांभया देत म्हणायचे, डोळा घड्याळावर. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, त्यात तर सुटकाच नाही. ह्याला प्रार्थना म्हणायचं का, असं कॉलेजात असताना फादरांना तोंडावर विचारलंही होतं.

मग मिस्टर आयसीयूत होते. अकरा दिवस. बाहेरच्या बाकावर बसून मी स्वतःचं एक वाक्य जुळवू शकले नाही. "देवा" म्हटलं की पुढे सगळं कोरं. पर्समध्ये सासूबाईंची माळ होती. ती हातात घेतली आणि बोटं आपोआप चालायला लागली. मी प्रार्थना करत नव्हते, ती माळच मला पुढे ढकलत होती. त्या दिवसांइतकी खरी प्रार्थना मी आयुष्यात केलेली नाही, आणि तिच्यात माझा एकही शब्द नव्हता.

नाशिकहून
लाज वाटते पण लिहितो. व्हॉट्सॲपवर आमच्या मंडळीचा ग्रुप आहे. कुणी आजारी पडलं की प्रार्थना विनंती येते आणि खाली आमेन, आमेन, आमेन. मीही टाकायचो. एकदा एक काका भेटले, म्हणाले, "तुम्ही प्रार्थना केलीत, ऑपरेशन नीट झालं." मी केलीच नव्हती हो. आता आमेन टाइप करायच्या आधी फोन पालथा ठेवतो आणि त्या माणसाचं नाव घेतो. त्यामुळे माझं आमेन सगळ्यात शेवटी येतं.

पुण्याहून
धाकटा भाऊ गेला तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण "देवाची इच्छा" म्हणायचा. वर्षभर मी प्रार्थना केली नाही. करायची म्हटलं तर शिव्याच आल्या असत्या.

महिला मंडळातल्या एक मावशी घरी आल्या. बायबल उघडून स्तोत्र ८८ समोर ठेवलं आणि चहा करायला आत गेल्या. माझ्याच घरात! दीडशे स्तोत्रांत तक्रारीची बरीच आहेत, पण बहुतेकांच्या शेवटी कुठेतरी आशा डोकावते. ह्यात नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. मी ते मोठ्याने वाचलं, मग त्याच सुरात माझंही बोलले. जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मावशी आतून काही बोलल्या नाहीत. चहा मात्र फार गोड केला होता.

औरंगाबादहून
तरुण संघात असताना माझी प्रार्थना सगळ्यात लांब आणि डोळ्यांत पाणी. पुढच्या रांगेत एक मुलगी बसायची. पुढचं सांगत नाही. देवळात स्वतःची फुशारकी मारणारा परुशी आणि मान खाली घालून दया मागणारा जकातदार, येशूचा हा दाखला वाचताना आजही कान गरम होतात.

दौंडहून
शांत एकांताचं कौतुक चाललंय, पण आमच्याकडे सगळे एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतात. इथून जवळच केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, १९०५ साली मुली अशाच एकत्र, मोठ्याने रडत प्रार्थना करत होत्या. बाहेरच्यांना गोंधळ वाटतो. मला त्या गोंधळातच लाज वाटत नाही, कारण माझं कुणालाच ऐकू जात नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचं वाचतोय. काल रात्री नोकरीबद्दल बोललो, चार वाक्यं झाली. नगरच्या ताई, एक विचारायचं राहिलं. बांधाचं भांडण शेवटी मिटलं का?

नगर जिल्ह्यातून
नाही हो. कोर्टात आहे. आजी जाऊन सहा वर्षं झाली, आता भाऊसाहेबांचं नाव मी घेते. माझ्याकडे गॅस आहे आणि पोळ्या असतात, त्या काही थापता येत नाहीत. लाटणं आपटते.