उत्तर: पाथेचा कोंबडा फक्त शोभेचा नव्हता

‘मूकपटांत लोगो म्हणजे नुसती नावाची पाटी’ असं म्हटलं जातं, पण ते पाथेला लागू होत नाही. 1896 साली सुरू झालेल्या या फ्रेंच चित्रपट कंपनीने कोंबड्याचं चिन्ह थेट सेटवरच लावलं, भिंतीवर, दृश्याच्या आत. कारण चोरटी प्रत काढणारे सुरुवातीची पाटी सरळ कापून टाकत. चिन्ह दृश्यातच असलं की ते फ्रेमागणिक खरवडावं लागे. सेकंदाला 16 फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या दृश्यात 960 फ्रेम! शिवाय हाताने खरवडलेला डाग प्रत्येक फ्रेममध्ये थोडा हलतो, त्यामुळे पडद्यावर तिथे काहीतरी वळवळत राहतं. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं ते फुटतंच.

गोमाँ या दुसऱ्या फ्रेंच चित्रपट कंपनीने चिन्ह म्हणून डेझीचं फूल घेतलं. संस्थापक लिओं गोमाँच्या आईचं नाव मार्गेरीत, आणि फ्रेंचमध्ये डेझीलाही हाच शब्द.

लोगोसोबत वाजणारी फॅनफेअर, म्हणजे छोटी दणदणीत सुरावट, हा प्रश्न बोलपटानंतरचा. पाथेच्या न्यूजरीलमध्ये (बातमीपटांत) मात्र कोंबडा खरंच आरवू लागला. सुरावटीपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

जुन्या प्रतीत लोगो वरखाली कापलेला दिसला तर दोष बहुधा चौकटीचा. सुरुवातीच्या बोलपटांत ध्वनिपट्टीने डावी कड खाल्ली आणि चौकटीची रुंदी उंचीच्या 1.19 पट उरली, ती पुढे 1.37 पट रुंदीच्या मास्कमधून (प्रोजेक्टरमधल्या चौकटपट्टीतून) दाखवली की कोंबड्याचा तुरा जातो. लोगोवरून सालही ठरवू नका, पुनर्प्रदर्शनात तो सर्रास बदलला जाई.